रात्रीचं माशाचं कालवण सकाळी खावं का? उरलेले मासे साठवताना नेमकं काय चुकतं?

रविवारची दुपार. जेवणं झाली, घर आडवं झालं. ओट्यावर कढईत अर्धं बांगड्याचं कालवण उरलंय, ताटलीत सुरमईच्या चार तुकड्या. 'गार होऊ दे, मग फ्रीजमध्ये टाक,' असं कुणीतरी झोपेतच सांगितलं. कढईची आठवण येते ती थेट साडेपाचच्या चहाला. मग झाकण उघडायचं, वास घ्यायचा, 'ठीक आहे' म्हणायचं आणि रात्री एक उकळी काढून तेच ताटात वाढायचं.

मासे खाणाऱ्या बहुतेक मराठी घरांत हे होतं आणि बहुतेक वेळा कुणाला काही होत नाही. म्हणूनच आपला दोन गोष्टींवर पक्का विश्वास बसलाय. एक, वास आला नाही म्हणजे पदार्थ चांगला आहे. दोन, उकळी काढली की सगळे जंतू मरतात.

अडचण अशी की, माशांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. पोटाला खरा फरक पडतो तो गॅस बंद केल्यापासून फ्रीजचं दार लागेपर्यंत किती वेळ गेला यानं. हा लेख त्या वेळेबद्दल आहे.

आधी थोडक्यात उत्तर

• शिजवलेले मासे, कोळंबी, खेकडे किंवा तिसऱ्या दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.
• खोलीचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर एका तासात ठेवा.
• फ्रीजचं तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी हवं.
• फ्रीजमध्ये जास्तीत जास्त ३ ते ४ दिवस. आपल्याकडचा उन्हाळा आणि लाइटचा खेळ पाहता २ दिवसांत संपवणं उत्तम.
• लागेल तेवढंच बाहेर काढा, वाफा येईपर्यंत गरम करा आणि एकदाच गरम करा.
• रात्रभर ओट्यावर राहिलेलं कालवण टाकून द्या. वास कितीही चांगला येत असला तरी.

आता यामागचं कारण पाहू. कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

शिजवल्यावर जंतू मरतात, मग पुन्हा कुठून येतात?

मासा नीट शिजला की त्यातले बहुतेक जंतू मरतात, हे खरंच आहे. पण शिजलेला मासा म्हणजे जंतूंसाठी तयार जेवण. तो मऊ असतो, त्यात भरपूर पाणी आणि प्रथिनं असतात. नवे जंतू त्यात तीन वाटांनी येतात.

पहिली वाट आपल्या हातांची. आपल्या त्वचेवर आणि नाकात 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' नावाचा जीवाणू असू शकतो. खेकड्याचा गर हातानं काढताना, कोळंबी निवडताना किंवा चव घेतलेला चमचा पुन्हा भांड्यात घालताना तो पदार्थात उतरतो.

दुसरी वाट आतूनच असते. 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स' आणि 'बॅसिलस सेरियस' हे जीवाणू बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जणू चिलखत घातलेलं बी. हे बी उकळीतही टिकून राहू शकतं. भांडं हळूहळू कोमट झालं की ते जागं होतं आणि वाढू लागतं. मोठ्या पातेल्यातला रस्सा आणि बाहेर राहिलेला भात या त्याच्या आवडत्या जागा.

तिसरी वाट कच्च्या माशाची. ज्या विळीवर किंवा ताटलीत कच्चा मासा होता, तिथेच तळलेली तुकडी ठेवली तर समुद्रातले जंतू शिजलेल्या माशावर परत येतात. यात महत्त्वाचं नाव 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस'. त्याचा शोधच अशा एका घटनेतून लागला. १९५० साली जपानमधल्या ओसाकामध्ये 'शिरासू' म्हणजे उकडून अर्धवट सुकवलेले बारके मासे खाऊन २७२ लोक आजारी पडले आणि त्यातले २० दगावले. ओसाका विद्यापीठातले संशोधक त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यामागचा हा जीवाणू शोधून काढला. आजही समुद्री अन्नातून होणाऱ्या पोटाच्या विकारांत त्याचं नाव वरच्या क्रमांकावर असतं.

दोन तासच का?

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू जोमानं वाढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे: शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवा किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवा, आणि सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, ही पुढची अट अमेरिकेच्या कृषी विभागाची आहे.

३२ अंश म्हणजे आपल्यासाठी काही फार नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये मुंबई, कोकण, गोव्याच्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान सहज असतं. त्यात नुकताच बंद केलेला गॅस, बाजूला कुकर. म्हणजे वर्षातले बरेच महिने आपला नियम दोन तासांचा नसून एका तासाचा असतो.

आता थोडं गणित. अनुकूल परिस्थितीत अनेक जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून सुरुवात केली तर दोन तासांनी ६४. चार तासांनी ४,०९६. सहा तासांनी २,६२,१४४. पहिल्या दोन तासांत फारसं काही बिघडत नाही, पुढच्या चारांत सगळं बिघडतं. व्हिब्रिओ तर अनुकूल वातावरणात याहूनही वेगानं, दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

दुपारी दीडला उतरवलेली कढई साडेपाचला आठवली, तर ती चार तासांच्या रकान्यात बसते. रात्री दहाची कढई सकाळी आठला उघडली, तर ती या गणिताच्याही पलीकडे गेलेली असते.

वास चांगला येतोय, म्हणजे चालेल ना?

अन्न नासवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. वास, बुळबुळीतपणा, फेस ही कामं नासवणाऱ्यांची. आजारी पाडणारे मात्र गुपचूप वाढू शकतात आणि पदार्थाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही.

त्यात आपलं कालवण. लसूण, तिरफळं, आमसुलं, मालवणी मसाला. इतक्या वासांच्या गर्दीत बारीक फरक कुणाच्याही नाकाला कळणार नाही.

त्यामुळे वासाचा उपयोग एकाच दिशेनं करा. घाण वास आला तर टाकून द्या. वास आला नाही, म्हणून खायला हरकत नाही असं मात्र ठरवू नका. आणि 'जरा चाखून बघते' हा प्रयोग तर नकोच.

'एक उकळी काढली की झालं' हे खरं का नाही?

उकळीनं जिवंत जंतू मरतात. पण जंतूंनी मरण्याआधी जे विष सोडलेलं असतं, ते दरवेळी मरत नाही.

स्टॅफिलोकोकसचं विष उष्णतेला दाद देत नाही. बॅसिलस सेरियसच्या उलटी घडवणाऱ्या विषाचंही तेच. म्हणजे कढई सहा तास बाहेर राहिली आणि त्यात हे विष तयार झालं, तर नंतर दहा मिनिटं खळखळून उकळलं तरी उपयोग नाही. जंतू मेलेले असतील, विष तसंच असेल. असं अन्न खाल्ल्यावर अनेकदा १ ते ६ तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

बांगडा, सुरमई, तारलीचं प्रकरण वेगळं का आहे?

कुणी म्हणतं, 'इतकी वर्षं बांगडा खाते, पण परवा एकदम अंगावर लाल चट्टे उठले, डोकं ठणकायला लागलं.' घरात लगेच निष्कर्ष निघतो: माशाची अॅलर्जी झाली. काही वेळा तसं असतंही. पण काही वेळा ही अॅलर्जी नसते, ती विषबाधा असते.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात 'हिस्टिडीन' नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यानंतर बर्फात राहिला नाही, तर जंतू त्याचं रूपांतर 'हिस्टामाइन'मध्ये करतात. अॅलर्जी झाल्यावर आपलं शरीर जे रसायन सोडतं ते हेच. म्हणून लक्षणंही सारखीच: चेहरा आणि मान लाल होणं, खाज, डोकेदुखी, धडधड, तोंडात जळजळ, कधी जुलाब. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत त्रास सुरू होतो.

हिस्टामाइन शिजवून जात नाही. तळून जात नाही. फ्रीझरमध्ये गोठवूनही जात नाही. एकदा तयार झालं की ते माशात राहतंच.

म्हणून या माशांची काळजी शिजवण्याआधीच सुरू होते. बाजारातून आणलेला बांगडा पिशवीत तासन् तास फिरवू नका. हळद-मीठ-आगळ लावून मुरवायचा असेल, तर मुरण्याचं भांडं फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. शिजवल्यावर बाहेर राहिलेल्या माशावर नवे जंतू आले तर त्यातही हिस्टामाइन तयार होऊ शकतं, त्यामुळे दोन तासांचा नियम इथे जास्तच कडक पाळा.

मग आजीच्या काळी लोक आजारी कसे पडत नव्हते?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेऊ. पडत होते, पण पोट बिघडल्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. फ्रीज नसलेल्या घरांचीही आपली एक शिस्त होती.

माझी आजी दिवेलागणीला न चुकता कालवणाचं भांडं पुन्हा चुलीवर चढवायची. सकाळी उठल्यावर परत. दरवेळी कालवण थोडं आटायचं, खारट-आंबट व्हायचं, घट्ट व्हायचं. जंतूंची संख्या वाढायच्या आत पुन्हा उकळी, पाणी कमी, मीठ आणि आमसुलाचं प्रमाण जास्त. शिवाय मासा मोजका आणलेला असायचा, उरायचाच थोडा. म्हणजे तिचा नियमही वेळेचाच होता.

गोव्यात आदल्या दिवशीची आटवलेली कढी पावाबरोबर न्याहारीला खातात, तिला 'कालची कडी' म्हणतात. तिच्यामागेही हीच आटवण्याची रीत आहे. बालचांवसारखे पदार्थ टिकतात ते व्हिनेगर, मीठ आणि तेलामुळे. सुकट आणि सुके बोंबील टिकतात ते पाणी काढून टाकल्यामुळे.

आपण या रीतीतली चव तेवढी लक्षात ठेवली आणि शिस्त विसरलो. आज कालवण पातळ असतं, त्यात नारळाचं दूध जास्त आणि मीठ कमी असतं, मोठं पातेलं भरून केलेलं असतं आणि संध्याकाळी त्याला कुणी उकळी काढत नाही. 'आमसूल घातलंय, टिकेल' हा भरवसाही पुरेसा नाही. आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते, पण रोजच्या कालवणातला आंबटपणा ती थांबवण्याइतका असतोच असं नाही. सुकट एकदा कांदा-टोमॅटो घालून शिजवली की तीही ओला पदार्थच झाली. तिला पुन्हा दोन तासांचाच नियम.

दुसऱ्या दिवशी कालवण जास्त चविष्ट लागतं, हे मात्र खरं आहे. मसाल्यातले सुगंधी घटक नारळाच्या स्निग्धांशात उतरतात, मीठ-आंबट माशाच्या आतपर्यंत जातं, मसाल्याचा उग्रपणा निवतो. पण हे सगळं फ्रीजमध्येही होतं. मुरण्यासाठी कालवणाला ओट्याची गरज नाही.

गरम कालवण थेट ठेवलं तर फ्रीज बिघडतो का?

कढई तासन् तास बाहेर राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच समजूत आहे. थोडा गरम असलेला छोटा डबा ठेवल्यानं फ्रीज बिघडत नाही. अडचण मोठ्या, उकळत्या पातेल्याची आहे. ते आत ठेवलं तर फ्रीजमधली हवा तापते, बाजूचं दूध आणि बाकीचं अन्नही कोमट होतं. शिवाय पातेल्याचा मधला भाग तासन् तास गरमच राहतो.

म्हणून कालवण लवकर गार करा:

• मोठ्या पातेल्यातून दोन-तीन पसरट डब्यांत काढा. थर दोन इंचांपेक्षा जाड नको.
• परातीत थंड पाणी घ्या, जमलं तर बर्फ टाका आणि त्यात डबा ठेवा. मधूनमधून स्वच्छ चमच्यानं ढवळा.
• तळलेल्या तुकड्या एकावर एक रचू नका, ताटात पसरून ठेवा.
• वाफा थांबल्या, डबा हाताला कोमट लागला की झाकण लावून फ्रीजमध्ये. पूर्ण थंड होण्याची वाट बघू नका.

मातीच्या भांड्यात कालवण केलं असेल तर ते लवकर दुसऱ्या डब्यात काढा. माती उष्णता धरून ठेवते. जेवताना तो गुण आहे, साठवताना दोष.

आणखी एक सवय उपयोगी पडते. जेवायला बसण्याआधीच उरणारा भाग वेगळा काढा. सगळ्यांच्या हातांतून, चमच्यांतून फिरलेली कढई साठवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. जेवण होईपर्यंत तो डबा परातीतल्या पाण्यात गारही झालेला असतो.

कोणता डबा, कोणता कप्पा?

घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा डबा उत्तम. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घातलेलं कालवण अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाची धातूशी प्रक्रिया होते आणि धातू अन्नात उतरतो. आईस्क्रीमचा रिकामा डबा आपल्या सगळ्यांकडे असतो, पण तो गरम पदार्थासाठी बनवलेला नसतो.

शिजवलेले पदार्थ वरच्या कप्प्यात, कच्चे मासे खालच्या कप्प्यात, बंद डब्यात. म्हणजे कच्च्या माशाचं पाणी खाली ठिबकून शिजलेल्या पदार्थात जाणार नाही. दारातल्या कप्प्यात मासे नकोत. दार उघडलं की सगळ्यात आधी तीच जागा तापते. आणि फ्रीज ठासून भरू नका, थंड हवा फिरायला वाट हवी.

फ्रीजच्या बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे तापमान नव्हे. खरं तापमान जाणून घ्यायचं असेल तर फ्रीजसाठीचा साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ५ किंवा त्याहून कमी दिसलं की झालं.

किती दिवस टिकतं?

कालवण, तळलेले मासे, कोळंबीचं सुकं, खेकड्याचा रस्सा, तिसऱ्यांचं सुकं: सगळ्यांची बाहेरची मर्यादा ३ ते ४ दिवस. हा हिशेब शिजवल्याच्या दिवसापासून करा, फ्रीजमध्ये ठेवल्यापासून नव्हे. हॉटेलच्या पार्सललाही हेच लागू.

कोळंबी भात किंवा माशाची बिर्याणी असेल तर नियम भाताचा पाळा. ब्रिटनच्या अन्न सुरक्षा यंत्रणेचा सल्ला शिजवलेला भात फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवण्याचा आहे.

फ्रीजमध्ये असूनही मर्यादा का? कारण फ्रीज जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ मंदावतो. 'लिस्टेरिया' नावाचा जीवाणू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गर्भवतींसाठी तो फार धोकादायक आहे, त्यातून गर्भपातही होऊ शकतो. म्हणून घरात गर्भवती, पाच वर्षांखालचं मूल, वयस्कर माणूस किंवा मधुमेह, यकृत, मूत्रपिंडाचा आजार असलेलं कुणी असेल, तर त्यांना ताजंच वाढा.

फ्रीझरमध्ये ठेवलं तर?

उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं पदार्थ बराच काळ टिकतो, पण चव साधारण दोन-तीन महिन्यांनी उतरते. माशातली चरबी हळूहळू खवट होते, आणि बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांत हे आधी जाणवतं.

सुकं आणि मसाल्याचं कालवण फ्रीझरमध्ये चांगलं राहतं. नारळाच्या दुधाचं कालवण वितळल्यावर फुटल्यासारखं दिसतं. त्यानं अपाय होत नाही, ढवळून मंद आचेवर गरम करा. तळलेल्या तुकडीचा कुरकुरीतपणा जातो.

एका जेवणाला पुरतील असे छोटे डबे भरा आणि त्यावर तारीख लिहा. बाहेर काढायचं असेल तेव्हा आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर वितळू देऊ नका. बाहेरचा थर कोमट होतो तेव्हा आतला भाग बर्फच असतो.

गरम कसं करायचं?

लागेल तेवढंच वेगळ्या भांड्यात घ्या. पूर्ण डबा गरम करून उरलेला परत ठेवला की तो पुन्हा एकदा कोमट पट्ट्यातून जातो. कालवणाला सगळीकडून बुडबुडे येऊ द्या. थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ७४ अंश हवं.

तळलेली तुकडी तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून. मायक्रोवेव्ह वापरत असाल तर मध्येच थांबून ढवळा, कारण त्यात काही भाग उकळतो आणि काही थंड राहतो. कोळंबी जास्त गरम केली की रबरासारखी होते. त्यावर उपाय एकच: रस्सा आधी उकळा आणि कोळंबी शेवटी घालून वाफ येईपर्यंतच ठेवा.

ऑफिसच्या डब्यात मासे न्यायचे?

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडला, तर मध्ये सहा तास गेले. वरचं गणित आठवा. बॅग उन्हात, लोकलच्या गर्दीत, मग टेबलाखाली. रव्यात तळलेली तुकडी बाहेरून कोरडी दिसते, आत ओलीच असते.

दोन मार्ग आहेत. एक, थंड न्या: आदल्या दिवशीचा फ्रीजमधला थंडगार डबा, सोबत बर्फाचा पॅक, पोचल्यावर ऑफिसच्या फ्रीजमध्ये, आणि खाताना नीट गरम. दोन, गरम न्या: थर्मासच्या डब्यात दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून द्या आणि मग उकळतं कालवण भरा. जेवताना ते चटका बसण्याइतकं गरम हवं. कोमट निघालं तर तो डबा फसला असं समजा.

गावाहून पुण्या-मुंबईला रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या डब्याचंही असंच. आईनं दिलेलं कालवण टाकायला जीव होत नाही, हे मान्य. म्हणून आधीच सांगून ठेवा: दोन दिवस आधी करून फ्रीझरमध्ये दगड होऊ द्यायचं आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पॅकसकट द्यायचं. पोचल्यावर आत बर्फाचे कण दिसत असतील तर पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवता येतं. सगळं वितळलं असेल, पण फ्रीजमधल्या डब्याइतकं थंडगार असेल, तर नीट गरम करून त्याच दिवशी संपवा. कोमट झालं असेल तर नाही.

लाइट गेली तर?

दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. चार तासांपेक्षा जास्त वेळ लाइट नसेल, तर फ्रीजमधले शिजवलेले मासे टाकून द्या.

घर बंद ठेवून बाहेरगावी जात असाल तर एक सोपी युक्ती. पेल्यात पाणी गोठवा, त्यावर एक नाणं ठेवा आणि पेला फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ टिकून होता. नाणं तळाला गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं. आत जे काही आहे, ते खाऊ नका.

त्रास झालाच तर?

उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घोट-घोट घेत राहा. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. जुलाबात रक्त दिसलं, १०२ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप आला, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली किंवा तीन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. लहान मुलं, वयस्कर आणि गर्भवती यांच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नका.

मासे खाल्ल्यावर अंग लाल होऊन खाज सुटली तर डॉक्टरांना कोणता मासा, कधी खाल्ला आणि सोबत जेवलेल्या आणखी कुणाला तसाच त्रास झाला का, हे सांगा. अॅलर्जी की हिस्टामाइन, हे ओळखायला त्याची मदत होते. श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येणं यांपैकी काहीही झालं तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

शेवटी इतकंच

मासे महाग झालेत. सुरमईच्या उरलेल्या चार तुकड्या टाकताना हात थांबतो, ते स्वाभाविक आहे. म्हणून निर्णय टाकायच्या वेळी न घेता उतरवायच्या वेळी घ्या. गॅस बंद केला की मोबाइलवर एक तासाचा अलार्म लावा. तो वाजेल तेव्हा कालवण डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये. मग खुशाल झोपा. दुसऱ्या दिवशीचं ते मुरलेलं कालवण भाकरीबरोबर तुमचंच आहे.